शिट्टी वाजवणारी तार

आइंडहोव्हनहून सायकलने अर्ध्या-पाऊण तासात न्यूनन हे गाव येतं. लोक तिथे जातात ते व्हॅन गॉगसाठी. १८८३ ते १८८५ या काळात तो तिथे राहत होता, आणि दिव्याच्या उजेडात बटाटे खाणाऱ्या शेतकरी कुटुंबाचं ते काळपट चित्र त्याने तिथेच रंगवलं. भारतातून पाहुणे आले की आम्हीही त्यांना तेच दाखवायला नेतो. पण त्याच न्यूननमध्ये आणखी एक माणूस वीसेक वर्षं राहिला. तो माझ्या पोटापाण्याच्या धंद्याला व्हॅन गॉगपेक्षा कितीतरी जवळचा. त्यांचं नाव एड्सगर डाइक्स्ट्रा. संगणक शिकलेल्या प्रत्येकाने हे नाव परीक्षेपुरतं तरी पाठ केलेलं असतं, आणि बहुतेक जण ते चुकीचंच उच्चारतात. स्पेलिंगमध्ये जे दिसतं तो उच्चार नाही, एवढं सांगून पुढे जातो.

त्यांच्याकडे मी पुस्तकातून गेलो नाही, हार्ड डिस्कच्या केबलवरून गेलो. म्हणून आधी थोडं केबलबद्दल सांगायला हवं.

नव्वदच्या दशकात पुण्यात, तपकीर गल्लीतून सुटे भाग आणून पीसी जोडून द्यायचं काम मी करत असे. तेव्हा हार्ड डिस्क म्हणजे एक वस्तू नव्हती, चार-पाच वेगवेगळ्या जातींचा कारभार होता. सगळ्यात जुनी जात एसटी-५०६ वाली. सीगेटने ही पाच मेगाबाइटची डिस्क १९८० साली काढली, आणि १९८३ च्या आयबीएम एक्सटीमध्ये तिचीच दहा मेगाबाइटची मोठी बहीण होती. या डिस्कला दोन पट्ट्या लागत, एक चौतीस तारांची आणि एक वीस तारांची. डिस्कला स्वतःची अक्कल जवळजवळ नव्हती. तबकडीवरचे चुंबकी खाचखळगे ती जसेच्या तसे तारेवरून पाठवायची आणि त्यांचे शून्य-एक काढायचं काम वेगळ्या कार्डावर व्हायचं. त्या कार्डाची लिहायची पद्धत एमएफएम असेल तर तबकडीच्या एका फेऱ्यात सतरा सेक्टर मावत, आरएलएल असेल तर सव्वीस. म्हणजे तीच डिस्क, पण कार्ड बदललं की जागा दीडपट. गिऱ्हाइकाला हे समजावून सांगताना आमची पुरेवाट व्हायची. मग ईएसडीआय आली. तिच्यात शून्य-एक ओळखण्याचं काम कार्डावरून उचलून डिस्कवर नेलं आणि वेग वाढला. स्कझी आली, ती पन्नास तारांची. एकाच माळेत सात उपकरणं, दोन्ही टोकांना टर्मिनेटर, आणि किंमत आमच्या गिऱ्हाइकांच्या आवाक्याबाहेरची. शेवटी आयडीई आली आणि तिने सगळ्यांना गुंडाळलं. तिने अख्खं कंट्रोलर कार्डच डिस्कच्या पाठीवर बसवलं. एक चाळीस तारांची पट्टी, मास्टर-स्लेव्हचा जंपर, बस्स.

त्या चाळीस तारांमधली एकतिसावी तार मला नेहमी वेगळी वाटायची. बाकीच्या बऱ्याचशा माहिती वाहतात, पत्ते वाहतात, जमिनीला जोडलेल्या असतात. एकतिसावी फक्त हाक मारते. काम झालं, आता इकडे लक्ष द्या, एवढंच ती सांगते. याला इंटरप्ट म्हणतात.

हे स्वयंपाकघरात बघा. दूध तापत ठेवलं की गॅसपाशी उभं राहून सारखं त्याच्याकडे बघावं लागतं. दुसरं काही काम होत नाही. कुकर लावला की माणूस भाजी चिरायला मोकळा, कारण शिट्टी होणार आहे. पहिल्या एक्सटीचा प्रोसेसर सेकंदाला सुमारे ४७ लाख ७० हजार ठोक्यांनी चालायचा, आणि डिस्कचा एक फेरा व्हायला एका सेकंदाचा साठावा भाग लागायचा. म्हणजे तबकडी एकदा फिरेपर्यंत प्रोसेसरचे जवळजवळ ऐंशी हजार ठोके पडून जात. तेवढा वेळ दुधाकडे बघत उभं राहायचं की शिट्टीवर भरवसा ठेवून दुसरं काम करायचं? शहाणा माणूस शिट्टीच निवडेल.

पण शिट्टीत एक गोम आहे, आणि ती मला एका पतसंस्थेत कळली. त्यांचं मशीन आठवड्यातून एखाद्या वेळी गोठायचं. बहुतेक महिनाअखेरीला, व्याज खतावताना. आम्ही गेलो की तासन्‌तास उत्तम चालायचं. व्यवस्थापक बिचारे रडकुंडीला आलेले, कारण खातेदार पासबुक घेऊन दारात उभे आणि आकडे अर्धवट पडलेले. शेवटी सापडलं ते असं, की आधीच्या कोणा पुरवठादाराने बसवलेलं नेटवर्क कार्ड आणि दुसऱ्या पोर्टवरची हार्ड डिस्क, दोघांनाही इंटरप्टचा एकच क्रमांक दिलेला होता, पंधरा. दोघांनी एकाच वेळी शिट्टी मारली तरच घोटाळा व्हायचा. ते कधी होईल याचा नेम नाही, आणि मुद्दाम घडवून आणू म्हटलं तर घडत नाही. कार्डाचा जंपर हलवला आणि प्रश्न मिटला. पण दोन महिने त्या संस्थेची झोप उडाली होती, हे मी पाहिलंय.

पुढे नोकरीसाठी नेदरलँड्सला आल्यावर डाइक्स्ट्रांची टिपणं हाती पडली, तेव्हा कळलं की या नेमक्या भीतीने एका तरुण डच माणसाला १९५७-५८ च्या सुमारास ग्रासलं होतं. तेव्हा जगात पीसी नव्हता, आणि तपकीर गल्लीत रेडिओचे व्हॉल्व्ह विकले जात असणार.

डाइक्स्ट्रांचा जन्म ११ मे १९३० चा, रॉटरडॅमचा. वडील रसायनशास्त्राचे शिक्षक, आई गणिती. तिने कधी नोकरी केली नाही, पण कमी पायऱ्यांत, स्वच्छ उत्तर काढायची ओढ मुलाला तिच्याकडूनच लागली, असं ते सांगत. त्यांच्या दहाव्या वाढदिवसानंतर तिसऱ्या दिवशी जर्मन विमानांनी रॉटरडॅमचा मध्यभाग जाळून टाकला. शाळा संपताना या मुलाला कायदा शिकून संयुक्त राष्ट्रसंघात देशाचं प्रतिनिधित्व करायचं होतं. विज्ञानात गुण फारच चांगले पडले, म्हणून गाडी लायडनला पदार्थविज्ञानाकडे वळली. १९५१ मध्ये वडिलांनी परीक्षेतल्या यशाचं बक्षीस म्हणून त्यांना तीन आठवड्यांसाठी केंब्रिजला पाठवलं, प्रोग्रामिंगच्या अभ्यासक्रमाला. परत आल्यावर ॲमस्टरडॅमच्या मॅथेमॅटिकल सेंटरच्या आद्रियान फान वाइनगार्डन यांनी त्यांना कामाला घेतलं. मार्च १९५२ पासून नेदरलँड्समध्ये प्रोग्रामर नावाचा माणूस अस्तित्वात आला, तो हा.

अस्तित्वात आला खरा, पण सरकारदरबारी नाही. १९५७ साली मारिया देबेट्स यांच्याशी लग्न करताना नोंदणीत व्यवसाय लिहायचा होता. डाइक्स्ट्रांनी प्रोग्रामर लिहिलं. ॲमस्टरडॅमच्या नगरपालिकेने असा कुठला धंदाच नसतो म्हणून ते नाकारलं. शेवटी सैद्धांतिक पदार्थवैज्ञानिक असं लिहून लग्न लागलं. आपल्याकडे मुलगा कॉम्प्युटरमध्ये आहे हे वाक्य स्थळ जमवायला पुरेसं ठरू लागलं, त्याच्या चाळीस वर्षं आधीची ही गोष्ट!

त्याच्या आदल्या वर्षी आर्माक नावाचं नवं यंत्र तयार झालं होतं आणि उद्घाटनाला सामान्य लोकांना कळेल असं काहीतरी दाखवायचं होतं. वाग्दत्त वधूबरोबर बाजारहाट करून दमल्यावर ॲमस्टरडॅममधल्या एका कॅफेच्या गच्चीत कॉफी पिता पिता डाइक्स्ट्रांनी वीस मिनिटांत एक रीत मनातल्या मनात जुळवली. नकाशावरच्या एका गावाहून दुसऱ्या गावाला जायचा सगळ्यात जवळचा रस्ता कसा काढायचा, याची ती रीत. कागद-पेन्सिलही घेतली नाही. चौसष्ट डच गावं घेऊन प्रयोग झाला. तीन पानांचा लेख १९५९ मध्ये छापून आला. आज फोन तुम्हाला चांदणी चौकातून कोथरूडला कसं जायचं ते सांगतो, त्याच्या मुळाशी ती वीस मिनिटं आहेत. सगळे एवढंच सांगतात. त्याच लेखात दुसराही एक प्रश्न सोडवलेला आहे, तो मागे पडतो. अनेक टोकं एकमेकांना जोडायची असतील तर कमीत कमी तार कशी लागेल? तो प्रश्न त्यांना पडला कारण नव्या यंत्राच्या पाठीमागे तांब्याच्या तारा ओढायच्या होत्या आणि तांबं महाग होतं. मला हा दुसरा प्रश्न जास्त आवडतो. त्यात हात काळे झालेले दिसतात.

हे नवं यंत्र म्हणजे एक्स-१. एका विमा कंपनीच्या पाठबळावर उभ्या राहिलेल्या इलेक्ट्रॉलॉजिका या डच कंपनीचं. यंत्राची बांधणी ब्राम लोपस्ट्रा आणि कारेल स्कोल्टेन या दोघांकडे होती. त्यांनी एक दिवस डाइक्स्ट्रांना सांगितलं, की कागदी फीत वाचणारं यंत्र किंवा टंकयंत्र आपलं काम झालं की संगणकाला हाक मारेल, संगणक हातातलं काम सोडून त्याच्याकडे बघेल आणि पुन्हा पहिल्या कामाला लागेल. म्हणजे आपली शिट्टी. दोघं खूश होते. डाइक्स्ट्रा मात्र घाबरले. आतापर्यंत संगणक म्हणजे एक शिस्तीचं जनावर होतं, तोच कार्यक्रम शंभरदा चालवा, शंभरदा तेच घडणार. चूक असेल तर ती पुन्हा तिथेच भेटणार, मग पकडता येते. शिट्टी आली की हा भरवसा गेला. हाक कुठल्या क्षणी येईल हे संगणकाच्या हातात नाही. रोखपाल नोटा मोजत असताना कोणी हाक मारली आणि परत वळताना आकडा एखाद्याने चुकला, तर चूक होईल, पण ती दर वेळी वेगळ्या ठिकाणी होईल, आणि बहुतेक वेळा होणारच नाही. माझी पतसंस्था हीच तर होती.

काही महिने त्यांनी होकार दिला नाही. मग दोघांनी चुचकारून त्यांना राजी केलं. राजी झाल्यावर मात्र त्यांनी ते काम अशा हट्टाने केलं, की त्यावरच १९५९ मध्ये डॉक्टरेट मिळाली. प्रबंधाचा विषय, स्वयंचलित संगणकाशी देवाणघेवाण. हाक ऐकली की हातातलं सगळं, अगदी शेवटच्या अंकापर्यंत, नीट बाजूला ठेवायचं, हाकेला ओ द्यायची आणि ठेवलेलं जसंच्या तसं उचलायचं. मूळ कामाला मध्ये काही घडल्याचं कळताही कामा नये. हा कार्यक्रम एक्स-१ च्या न बदलता येणाऱ्या स्मृतीत बसवायचा होता. आज सॉफ्टवेअर आधी विकतात आणि मग दुरुस्त्या पाठवत राहतात. त्यांना ती सोय नव्हती, आणि मला वाटतं हेच बरं झालं. मशीन चालवून बघून नाही, आधी विचार करून ते बरोबर आहे याची खात्री करायची, ही सवय त्यांना तिथे लागली ती जन्मभर सुटली नाही.

दाढीची गोष्ट याच काळातली. अल्गॉल ६० या भाषेचा अनुवादक एक्स-१ साठी लिहायला घेताना डाइक्स्ट्रा आणि याप झोनेफेल्ट यांनी ठरवलं, की काम होईपर्यंत दाढी करायची नाही. ऑगस्ट १९६० मध्ये काम झालं. झोनेफेल्टनी दाढी उतरवली, डाइक्स्ट्रांनी ठेवली ती ठेवलीच.

१९६२ मध्ये ते आइंडहोव्हनच्या तांत्रिक विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक म्हणून आले. तिथे त्यांनी पाच-सहा जणांना घेऊन एक्स-८ या यंत्रासाठी एक कार्यप्रणाली उभी केली, टीएचई नावाची. विद्यापीठाच्या डच नावाची ती आद्याक्षरं. या एक्स-८ ला हार्ड डिस्क नव्हती, पण तिची थोरली चुलती होती, चुंबकी ढोल. पाच लाखांवर शब्द मावतील असा. ढोलाचा एक फेरा चाळीस मिलिसेकंदांचा, आणि मुख्य स्मृतीतला एक शब्द काढायला अडीच मायक्रोसेकंद. म्हणजे एका फेऱ्यात सोळा हजार वेळा स्मृतीत जाऊन येता येईल. आकडे वेगळे, पण दुखणं एक्सटीचंच. शिवाय त्याच यंत्राला तीन फीतवाचक, तीन फीत टोचणारी यंत्रं, दोन टेलिप्रिंटर, एक प्लॉटर, एक छपाईयंत्र. सगळेच शिट्ट्या मारणार!

डाइक्स्ट्रांनी यावर रेल्वेकडून उसनं घेतलं. सेमाफोर म्हणजे रुळांशेजारचा हात पडणारा सिग्नल. आमच्या मिरजेकडच्या लोकांना हे सांगायला नको. एकेरी मार्गावर स्टेशनमास्तर ड्रायव्हरच्या हातात कडीत अडकवलेला गोळा देत असे. गोळा हातात असेल तरच गाडी पुढे, नाहीतर थांबा. पुढच्या स्टेशनात गोळा परत केला की मार्ग मोकळा. डाइक्स्ट्रांचा सेमाफोर हाच गोळा आहे, फक्त आकड्याच्या रूपातला. घेण्याच्या क्रियेला त्यांनी डच शब्दांवरून पी हे अक्षर दिलं, परत करण्याच्या क्रियेला व्ही. ढोलाचा इंटरप्ट आला म्हणजे ढोलाने गोळा परत केला, एवढाच अर्थ. कोण थांबलंय, का थांबलंय याची ढोलाला फिकीर नाही. जगभरचे विद्यार्थी आजही पी आणि व्ही पाठ करतात, आणि ती डच अक्षरं आहेत हे बहुतेकांना ठाऊक नसतं.

दुसरं, त्यांनी सगळी प्रणाली थरांवर थर अशी रचली. तळाच्या थराने प्रोसेसर कोणाला द्यायचा ते बघायचं, त्यावरच्या थराने ढोल सांभाळायचा, आणि त्याच्या वरच्यांनी ढोल आहे हे विसरून जायचं. आयडीई डिस्क घ्या. कार्डाची अक्कल डिस्कच्या पाठीवर गेल्यावर एमएफएम की आरएलएल हे संगणकाला माहीत असायची गरजच उरली नाही. ती डिस्क बनवणाऱ्यांनी डाइक्स्ट्रा वाचून ती बनवली असं मी म्हणत नाही. पण गुण तोच. तपासणीत जे दोष निघाले ते किरकोळ होते, साधारण पाचशे सूचनांमागे एक, आणि प्रत्येक दहा मिनिटांच्या आत सापडला. माझी पतसंस्था दोन महिने अडली होती. मी हे वाचून बराच वेळ गप्प बसलो होतो.

परीक्षेत त्यांनी १९६५ मध्ये विद्यार्थ्यांना एक कोडं घातलं. पाच संगणक, पाच टेप ड्राइव्ह, प्रत्येकाला दोन हवेत. प्रत्येकाने एकेक धरून ठेवला तर सगळेच दुसऱ्याची वाट बघत कायमचे अडकतात. पुढे टोनी होअर यांच्यामुळे त्याचं जेवायला बसलेले पाच तत्त्वज्ञ झालं आणि टेप ड्राइव्ह विस्मृतीत गेले. अशा अडकण्याला डाइक्स्ट्रांनी जीवघेणी मिठी असं नाव दिलं होतं. मराठी माणसाला या शब्दाने प्रतापगड आठवणार, त्याला इलाज नाही.

मोठ्या कंपन्यांची यंत्रं मात्र त्यांना पटत नव्हती. १९६४ मध्ये आयबीएमने सिस्टीम/३६० जाहीर केली. तिची माहितीपुस्तिका वाचून, विशेषतः उपकरणं आणि इंटरप्ट यांची मांडणी बघून, त्यांना कमालीचं वाईट वाटलं. सगळं जग आता हेच घेणार हे त्यांना दिसत होतं. झालंही तसंच.

टीएचई पूर्ण झाली आणि घरचं चित्र पालटलं. गणित विभागाला हे गणित वाटेना. गट मोडला. डाइक्स्ट्रांना नैराश्याने गाठलं, आणि ते साधंसुधं नव्हतं. त्यातून वर येण्यासाठी ते लिहीत बसले. त्या लिखाणातून कार्यक्रमांची रचना कशी असावी यावरची टिपणं तयार झाली. झेरॉक्सच्या प्रतींतून ती हातोहात गेली आणि पुढच्या पिढीची प्रोग्रामिंगची पद्धत बदलली. १९६८ च्या मार्चमध्ये गो-टू सूचनेविरुद्धचं त्यांचं पत्र छापून आलं, ज्याचं झणझणीत शीर्षक खरं तर संपादक निक्लाउस विर्थ यांचं होतं. १९७२ ला ट्यूरिंग पुरस्कार मिळाला.

१९७३ पासून ते बरोज या अमेरिकन कंपनीचे संशोधक झाले, पण बसायचे न्यूननच्या घरातल्या वरच्या मजल्यावरच्या छोट्या खोलीत. वर्क फ्रॉम होम आपण २०२० मध्ये शोधलं असं वाटतं ना! मंगळवारी तेवढे आइंडहोव्हनला जायचे, मंडळी जमवून लेख फोडून काढायला. बाकी दिवस माँट ब्लाँ फाउंटन पेन, कोरा कागद आणि पियानो. प्रत्येक टिपणावर आपल्या आद्याक्षरांसह क्रमांक टाकून प्रती मित्रांना पाठवायचे, ते पुढच्यांना. घरी संगणक नव्हता. उतारवयात मॅकिंटॉश आला, तोही मेल बघण्यापुरता.

स्वभाव तिखट होता, हेही सांगितलं पाहिजे. बेसिक शिकलेल्या विद्यार्थ्याचं डोकं कायमचं बिघडतं, अशा अर्थाचं त्यांनी १९७५ मध्ये लिहून ठेवलंय. माझ्यासारखी अख्खी पिढी बेसिकवरच वाढली. आमची डोकी अगदीच बाद झाली नाहीत, असं मला नम्रपणे वाटतं. ज्याच्याकडे विद्यापीठातलं यंत्र नाही, त्याने कशावर शिकायचं होतं, याचा विचार त्यांच्या त्या वाक्यात नाही.

१९८४ ला ते ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात गेले. सुट्टीत फोक्सवागन बसमधून अमेरिका बघायचे, आणि त्या गाडीला त्यांनी ट्यूरिंगच्या नावावर कोटी करून टूरिंग मशीन म्हणायला सुरुवात केली होती. १९९९ मध्ये निवृत्त झाले. कर्करोगाचं निदान झाल्यावर २००२ च्या फेब्रुवारीत परत न्यूननला आले, जुन्या घरी. टिपणं लिहिणं चालूच होतं. क्रमांक १३१८ एप्रिलचा आहे, आणि त्यानंतरचा नाही. ६ ऑगस्ट २००२ रोजी ते गेले.